चाळीस ओळींची स्क्रिप्ट बायोडेटात लिहू का?

प्रश्न : मी संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फोल्डरमधल्या फाइल्सची लिंकसकट यादी एचटीएमएल पानावर काढून देणारी चाळीस ओळींची पायथन स्क्रिप्ट मी लिहिली आहे. मित्र म्हणतात, हे वेब सर्व्हर आपोआप करतो, इंटर्नशिपसाठी मोठं काहीतरी दाखव. व्हिडिओ बघून एखादी शॉपिंग साइट बनवू का?

उत्तर : तुझ्या मित्रांचं म्हणणं खोटं नाही. ब्राउझरला पानं पाठवणाऱ्या प्रोग्रामला वेब सर्व्हर म्हणतात. त्यांपैकी अपाचीत या कामासाठी मॉड्यूल (जोडता येणारा भाग) आहे, एनजिनएक्समध्ये 'ऑटोइंडेक्स' चालू केलं की झालं. त्यामुळे मुलाखतीत हा प्रश्न येणारच : मग तू का लिहिलीस? तुला ती कशासाठी लागली, तेच खरं कारण सांग. पण शॉपिंग साइटच्या मागे आत्ता लागू नकोस. व्हिडिओ थांबवून थांबवून उतरवलेल्या कोडवर दोन प्रश्न आले की उत्तर सुचत नाही. तुझ्या चाळीस ओळींतली प्रत्येक ओळ तुझी आहे. ती स्क्रिप्ट आधी पक्की कर.

एक चाचणी फोल्डर बनव आणि त्यात मुद्दाम त्रासदायक नावांच्या फाइल्स ठेव. नावात '#' असेल, तर ब्राउझर त्याच्या पुढचा भाग पानातली जागा समजतो आणि लिंक तुटते. लिनक्सवर फाइलच्या नावात '<' चालतो. तो तसाच पानात गेला तर ब्राउझर त्याला टॅग समजेल, आणि कोणी नावातच स्क्रिप्ट घुसवली तर ती चालेलसुद्धा. इथे बरेच जण एकच उपाय दोन्हीकडे लावतात आणि फसतात. पानावर दिसणाऱ्या नावासाठी पायथनचं 'एचटीएमएल डॉट एस्केप' लागतं, लिंकमधल्या पत्त्यासाठी 'यूआरएललिब'मधलं 'कोट'. एकच नाव, पण दोन जागी दोन नियम. हा फरक तुला स्वतःच्या शब्दांत समजावता आला, तर समोरच्याला तुझी तयारी लगेच कळेल.

मग क्रम बघ : साध्या सॉर्टिंगमध्ये 'धडा १०' हा 'धडा २'च्या आधी येतो. दुसऱ्यांदा चालवल्यावर यादीत स्क्रिप्टने बनवलेलं यादीचं पान, म्हणजे 'इंडेक्स' फाइलच दिसते का, तेही पाहा.

आणि आपल्या लिपीतली एक गंमत. 'दुसऱ्या'मधला 'ऱ' युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरं साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत) दोन प्रकारे साठवता येतो : एकच अक्षर म्हणून, किंवा 'र' अधिक नुक्ता (अक्षराखालचा टिंब) म्हणून. डोळ्यांना नावं सारखीच दिसतात, पण तुलना केली तर वेगळी निघतात. पायथनच्या 'युनिकोडडेटा'मधल्या 'नॉर्मलाइझ'ने ती तुलनेपुरती एकसारखी करून घे. लिंकमध्ये मात्र डिस्कवर आहे तेच नाव जाऊ दे, नाहीतर फाइल सापडणार नाही.

हे सगळं झाल्यावर रीडमी (स्क्रिप्ट कशी वापरायची ते सांगणारी फाइल) लिही आणि स्क्रिप्ट एखाद्या वर्गमित्राला वापरायला दे. तो कुठे अडतो ते गप्प बसून बघ. मध्ये बोललीस तर खरी अडचण कळणार नाही.

बायोडेटात दोन ओळी पुरेत : स्क्रिप्ट काय करते आणि कोणत्या अवघड नावांवर तपासली आहे. खाली कोडची लिंक दे. प्रत्येक दुरुस्ती गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनात) वेगळी कमिट कर, म्हणजे वेगळी नोंदव. सुरुवात आजच '#'वाल्या फाइलपासून कर, आणि काय तुटलं ते मला कळव.