सीझन का संपला ते आधी विचार

बाळा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. प्रवासावर लिहायचंय, पहिली मोठी ट्रिप ठरवतोय आणि सगळे जातात तेव्हा जायचं नाही हे नक्की केलंय, वाचून फार बरं वाटलं. मी स्वतः बरीच वर्षं असंच फिरतेय आणि मला आवडलेलं माझं सगळं लिखाण गर्दी गेल्यानंतरच्या महिन्यांतलं आहे, त्यामुळे तुला थांबवणार तर मुळीच नाही. फक्त तू विचारलंयस की ऑफ सीझनला कुठे जाऊ, तर त्याच्या आधीचा एक प्रश्न आहे. ज्या जागेचा विचार करतोयस तिथला सीझन संपतो तो का संपतो? हे कळल्याशिवाय तिकीट काढायचं नाही.

कारण प्रत्येक ठिकाणी कारण वेगळं असतं बघ. कुठे लोक फक्त शाळा सुरू झाल्या म्हणून घरी जातात, हवा तशीच सुंदर असते. कुठे पाऊस, थंडी, अंधार असतो, म्हणजे त्रास होतो पण जाता येतं. आणि कुठे रस्ताच बंद असतो किंवा जिवाला धोका असतो. स्वस्त हॉटेल तिन्हीकडे मिळतं, म्हणून नुसत्या भावावरून काहीच ओळखता येत नाही.

पहिल्या प्रकारातलं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे भूमध्य समुद्राचा किनारा, सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. समुद्र तापायला वेळ लागतो तसा निवायलाही लागतो, त्यामुळे जूनपेक्षा सप्टेंबरात पाणी जास्त उबदार असतं, आणि ग्रीसच्या बेटांवर जुलै ऑगस्टमध्ये जो मेल्तेमी नावाचा उत्तरेचा जोरदार वारा सुटतो तोही मंदावत आलेला असतो. पहिली ट्रिप म्हणून मी तुला हेच सुचवेन, सुरुवातीलाच बर्फात वगैरे जायची काही गरज नाही. पण याच किनाऱ्यावर महिना दोन महिने पुढे सरकलास की गोष्ट पूर्ण बदलते. सँटोरिनीत हिवाळ्यात बरीच हॉटेलं बंद, बोटींच्या फेऱ्या कमी. इटलीच्या चिंक्वे तेर्रेत तर त्याच उबदार समुद्रावर थंड हवा आली की तुफान पाऊस कोसळतो. 25 ऑक्टोबर 2011 ला वेर्नाझ्झा आणि मोंतेरोस्सो ही दोन गावं अशाच पावसात चिखलाखाली गेली होती, माणसं गेली. त्यामुळे तिथे हवामानाचा अलर्ट लागला की डोंगरातल्या पायवाटा बंद करतात आणि बंद म्हणजे बंद, फाटकावरून उडी मारून जाणारे दिसतील तुला, त्यांच्या मागे जाऊ नकोस.

मी तिथे नोव्हेंबरात होते तेव्हा असाच अलर्ट लागला, वाटा बंद, पाऊस नुसता ओतत होता. दुसऱ्या दिवशी उघडल्यावर गावाच्या वर एक आजोबा पडलेला बांध परत रचत होते. तिथले द्राक्षांचे मळे डोंगर उतारावर पायऱ्या पायऱ्यांनी आहेत आणि त्यांचे दगडी बांध चुना सिमेंट न घालता नुसता दगडावर दगड बसवून उभे असतात. त्यांनी मला दाखवलं की पाणी दगडांच्या फटींतून निघून गेलं पाहिजे, फटी बुजल्या की मागची माती पाण्यानं जड होते आणि भिंत पोटातून फुगते, मग एक दिवस जाते. तासभर मी दगड देत होते आणि ते बोलत होते. जुलैत याच वाटेवर माणसाला माणूस चिकटून चालत असतो, तिथे कोण कुणाला थांबून बांध शिकवणार? लिहिणाऱ्यासाठी ऑफ सीझनचा खरा फायदा हा आहे. स्वस्ताई वगैरे ठीक आहे, पण लोकांकडे वेळ असतो आणि ते त्यांची खरी कामं करत असतात. तू कुठेही गेलास तरी "इथे काय बघण्यासारखं आहे" च्या ऐवजी "या दिवसांत तुम्ही काय काम करता" असं विचार.

आता काही जागा अशा आहेत जिथे ऑफ सीझन म्हणजे ती जागाच वेगळी होते. कॅनडात बॅन्फमधला मोरेन लेक, त्याचा तो निळा रंग सगळ्यांनी फोटोत बघितलेला असतो. हिमनदी खडक घासते त्याची पिठासारखी बारीक भुकटी वितळलेल्या पाण्याबरोबर तळ्यात येते आणि त्यावर उजेड पडून तो रंग दिसतो, म्हणजे वितळणं सुरू झालं तरच रंग. शिवाय तिथला रस्ताच साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून मे संपेपर्यंत बंद असतो, हिमकडे कोसळतात म्हणून. एप्रिलमध्ये स्वस्तात गेलास तर तळ्यापर्यंत गाडी जाणार नाही आणि तळं गोठलेलं. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीचं बरोबर उलट, भर उन्हाळ्याच्या सुट्टीत ऑगस्टमध्ये लोक जातात आणि तो प्रसिद्ध धबधबा बऱ्याचदा कोरडा पडलेला असतो, कारण त्याला पाणी वितळत्या बर्फाचं, ते मे जूनमध्ये जोरात असतं.

व्हिक्टोरिया फॉल्सचं मला विशेष सांगायचंय. झांबेझीला सगळ्यात जास्त पाणी एप्रिलच्या आसपास असतं आणि तेव्हा तुषार इतके उडतात की बऱ्याच ठिकाणाहून धबधबाच दिसत नाही, फक्त आवाज आणि तू भिजून चिंब. ऑक्टोबर नोव्हेंबरात पाणी इतकं उतरतं की झांबियाच्या बाजूला बराचसा कडा उघडा पडतो. मी नोव्हेंबरात त्या बाजूला उभी होते, समोर काळा बसाल्ट, शंभर मीटरहून उंच सरळ तुटलेला, त्यातल्या भेगा दिसत होत्या. नदी याच भेगा पकडून मागे मागे कापत आलीये आणि खालच्या नागमोडी घळी म्हणजे तिच्या आधीच्या धबधब्यांच्या जागा आहेत, हे त्या कोरड्या कड्यासमोर मला जेवढं समजलं तेवढं भरल्या पाण्यात कधीच समजलं नसतं. शेजारी एक कुटुंब मात्र खूप हिरमुसलं होतं, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. हे सांगणं आपलं काम आहे. पाणी बघायचं असेल तर कधी, खडक बघायचा असेल तर कधी, हे तुझ्या लेखात स्पष्ट आलं पाहिजे.

बोलिव्हियाच्या सालार दे उयुनी या मिठाच्या मैदानाचंही तसंच, जानेवारी ते मार्च पावसाचं पाणी साचून आरसा होतो पण मग मिठावरून गाडी हवी तिथे जात नाही, कोरड्या दिवसांत सगळीकडे जाता येतं पण आरसा नाही.

आणि तिसरा प्रकार, इथे मी कडक आहे. पेरूतली माचू पिक्चूला जाणारी इंका ट्रेल ही पायवाट दर फेब्रुवारीत दुरुस्तीसाठी पूर्ण बंद असते. माचू पिक्चू उघडं असतं पण पाऊस ऐन भरात. जानेवारी 2010 मध्ये रेल्वेचा मार्ग वाहून गेला आणि हजारो पर्यटक खालच्या गावात अडकले, हेलिकॉप्टरनं काढावं लागलं. ॲरिझोनातल्या अँटेलोप कॅन्यनमध्ये 12 ऑगस्ट 1997 ला 11 जण बुडाले, आणि त्या अरुंद घळीवर तेव्हा फारसा पाऊस नव्हताच, वादळ कित्येक मैल वर झालं होतं, पाणी तिथून आलं. म्हणून घळ, नदी, धबधबा असेल तिथे आपल्या डोक्यावरचं आभाळ बघून भागत नाही, पाणी जिथून येतं तिथलं हवामान बघायचं. आणि स्थानिक माणूस नको म्हणाला की विषय संपला, वाद घालायचा नाही.

वाटांना पण विश्रांती लागते रे. बर्फ वितळून चिखल झालेला असतो तेव्हा लोक बूट खराब होऊ नयेत म्हणून कडेनं चालतात आणि वाट दरवर्षी रुंद होत जाते, कडेचं गवत मरतं. चिखलातून मधूनच चालायचं, बूट धुता येतात. फॅरो बेटांनी तर 2019 च्या एप्रिलमध्ये काही प्रेक्षणीय जागा एका वीकेंडपुरत्या पर्यटकांना बंद केल्या आणि बाहेरून स्वयंसेवक बोलावून पायवाटा दुरुस्त करून घेतल्या. असं काही मिळालं तर सोडू नकोस, दगड उचलता उचलता जे कळतं ते गाईड घेऊन कळत नाही.

बाकी प्रॅक्टिकल गोष्टी पटापट सांगते.

उजेडाचा हिशोब आधी. आइसलँडच्या रेक्याविकला डिसेंबरच्या शेवटी दिवस जेमतेम चार तासांचा, नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवर डिसेंबर लागल्यावर सूर्य जो क्षितिजाखाली जातो तो जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत वर येतच नाही. पण फेब्रुवारीपासून तिथे दिवस भराभर वाढतो, सूर्य अगदी खाली असतो, डोंगर तासन् तास गुलाबी, आणि समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे इतक्या उत्तरेला असून किनाऱ्यावर तापमान शून्याच्या आसपासच. खरा त्रास थंडीचा नसतो, वितळून परत गोठलेल्या रस्त्याचा असतो, म्हणून बुटांना लावायचे स्पाइक्स घेऊनच जा. एका दिवसात एकच लांबची जागा ठेव आणि परत फिरायची वेळ सकाळीच ठरव, तिथे पोचलास की नाही हा प्रश्न त्यानंतर नाही. डोंगरावर दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतं हे धरून कपडे घे, सुती कपडे नकोत, ओले झाले की अंगावर बर्फ.

आइसलँडमध्ये गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावायची आणि दार घट्ट धरून उघडायचं, वारा दार मागे मोडून टाकतो. एफ अक्षराचे आतले रस्ते हिवाळ्यात बंद, नकाशा दाखवेल तरी जायचं नाही. रेनिस्फ्याराच्या काळ्या किनाऱ्यावर समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, मधेच एखादी लाट बाकीच्यांपेक्षा खूप आत येते आणि ओढून नेते, तिथे माणसं गेलीत.

राहायला अशा गावात राहा जिथे लोक वर्षभर राहतात, नुसत्या रिसॉर्टच्या गावात संध्याकाळी दिवा पण नसतो. वेबसाइटवर खोली दिसली तरी फोन करून विचार, हीटिंग चालू असेल का, जवळ जेवायला काय उघडं असेल. फेरी आणि बसचं हिवाळी वेळापत्रक कुठल्या तारखेपासून लागू होतं ते बघ, आदल्या दिवसापर्यंत पाच फेऱ्या आणि दुसऱ्या दिवशी एक असं होतं. बेटावरून परत यायचं असेल तर विमानाच्या आधी एक पूर्ण दिवस मोकळा ठेव. कॅरिबियनला चक्रीवादळांचा काळ 1 जून ते 30 नोव्हेंबर, पण अरुबा, बोनेर, कुरासाव ही बेटं खाली दक्षिणेला आहेत तिथे वादळं फार क्वचित येतात. इन्शुरन्स तिकिटाबरोबरच काढ, वादळाला एकदा नाव पडलं की त्यानंतर घेतलेली पॉलिसी सहसा त्या वादळाचं नुकसान देत नाही.

थंडीत फोन आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाशी ठेव. बाहेरून उबदार खोलीत येताना कॅमेरा बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत बंद कर आणि आत आल्यावर निवांत उघड, नाहीतर लेन्सच्या आत पाणी धरतं.

लिहिताना महिना पहिल्याच परिच्छेदात लिही. काय बंद होतं ते पण लिही. नोव्हेंबरच्या लेखाला जुलैचा फोटो कुणी मागितला तरी द्यायचा नाही, कोणी तो बघून सुट्टी टाकतो, पैसे घालतो. आणि "तिथे कोणीच नव्हतं" हे वाक्य तर नकोच, तिथे राहणारी माणसं होती ना!

बूट आत्ताच घे, एक साइझ मोठे, जाड मोजे बसतील असे, आणि उद्यापासून रोज घालून चाल म्हणजे निघेपर्यंत पायाला बसतील.

तुझी मावशी