‘ॲब्सेंटी’ला मराठीत काय म्हणायचं?

कोल्हापुरातल्या एका गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांनी विचारलंय : सभेच्या इतिवृत्तात ‘ॲब्सेंटी सभासद’ असं लिहायची सवय पडलीय, त्याला मराठी शब्द कोणता? ‘गैरहजर’ लिहिलं तर सभासदांना ठपका ठेवल्यासारखं वाटतं.

वाटणारच. ‘गैरहजर’मध्ये हजेरी आहे. शाळा, कारखाना, कोर्टाची तारीख, जिथं नाव पुकारलं जातं तिथं न आलेला तो गैरहजर. रजेचा अर्ज टाकून गेलेल्याला आपण ‘रजेवर’ म्हणतो, गैरहजर नाही. सभेसाठी ‘अनुपस्थित सभासद’ लिहावं, आणि ज्यांनी आधी कळवलं त्यांच्या नावापुढं ‘पूर्वसूचना देऊन’ एवढं जोडावं.

बोलण्यातला आपला खरा जिवंत शब्द मात्र ‘खाडा’. शिरोलीच्या फाउंड्रीत मस्टरवर खाडा पडला की त्या दिवसाचा पगार गेला. तालमीत वस्ताद दरडावतात, ‘काल खाडा का केलास रं?’ आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दूध न घेतलेल्या तारखांवर फुल्या असतात, महिनाअखेर हिशेब होतो तो ‘खाडे वजा करून’. तिथं कोणी माणूस गैरहजर नसतोच, रोजच्या क्रमात खंड पडलेला असतो. म्हणूनच वर्षातून एकदा भरणाऱ्या सभेला न येण्याला खाडा म्हणत नाहीत. ‘विनाखाडा’ हा त्याचा उलट शब्द तर मला फार देखणा वाटतो.

दांडी आणि बुट्टी मुद्दाम मारायच्या असतात. तापानं फणफणलेल्या पोरानं दांडी मारली असं म्हणणं अन्यायाचं आहे.

इंग्रजीत ‘ॲब्सेंटी’ हा शब्द गाजला तो जमीनदारांमुळे. आयर्लंडमधल्या जमिनींचे मालक इंग्लंडात राहून खंड वसूल करत. आपल्याकडे अशा मालकाला ‘गावात न राहणारा’ म्हटलं की पुरतं.

गैरहजेरीचा जाब कुणाला विचारायचा, याचं उत्तर कोल्हापूर संस्थानानं फार स्पष्ट दिलं होतं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला. पोर गैरहजर, दंड बापाला.

आता इतिवृत्तात हमखास चुकणारे दोन शब्द. ‘अपरोक्ष’ संस्कृतात म्हणजे समक्ष, डोळ्यांदेखत. डोळ्यांआडचं ते परोक्ष. मराठीत मात्र ‘माझ्या अपरोक्ष’ म्हणजे माझ्या पाठीमागे असाच अर्थ रुळलाय. एकाच ओळीचे दोघे दोन अर्थ काढतील, म्हणून लेखी कागदात तो नकोच. बोलताना ‘माझ्या माघारी’ म्हणावं, त्यात घोळ नाही.

दुसरा ‘पश्चात’. ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले’ हे निधनवार्तेत वाचून वाचून कानात इतकं बसलंय, की ‘अध्यक्षांच्या पश्चात सभा झाली’ वाचणारा आधी दचकतो. तिथं ‘अध्यक्षांच्या अनुपस्थितीत उपाध्यक्षांनी सभा चालवली’ असं सरळ लिहावं.