शब्द वाचला की छातीत धस्स का होते?

"साधा एक शब्द वाचला तरी छातीत धस्स होते. माझे मन इतके कमकुवत कसे?" हा प्रश्न माझ्याकडे येणारी माणसे या ना त्या रूपात सतत विचारतात. म्हणून अशाच एका समुपदेशनातील मोजके संवाद, ओळख पटू नये इतके बदल करून, येथे देत आहे.

लेखा विभागात काम करणाऱ्या या बाईंना वरिष्ठांचा "रिपोर्ट तयार आहे का?" असा मेसेज आला की हातपाय गार पडत. काम चोख आणि वरिष्ठ शांत स्वभावाचे असल्याने त्या स्वतःवरच चिडत. "मॅडम, हा नुसता शब्द आहे, असे मी स्वतःला बजावते, तरी पोटात गोळा येतोच."

मेंदूचा वेग पाहता यात नवल नाही. मेंदूतील विद्युत लहरींच्या नोंदींत, भावनिक भार असलेल्या शब्दाला मिळणारा प्रतिसाद तटस्थ शब्दाहून अनेकदा 200 ते 300 मिलिसेकंदांतच वेगळा दिसू लागतो. बजावणारे वाक्य तोवर मनात तयारही झालेले नसते. शिवाय शब्दाला हा भार बहुधा अनुभवातून मिळतो आणि अनुभव पुष्कळदा चित्ररूपाने साठलेला असतो. म्हणून मी शब्दाविषयी फारसे विचारत नाही.

"मेसेज वाचताना डोळ्यांपुढे काय येते?"

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "पाकीट. बाबांच्या तपासणीच्या रिपोर्टचे. कडेला वेडेवाकडे फाडलेले. बाबांच्या हातात."

"पुढे?"

"पुढे काही नाही. बाबा बोलतच नाहीत."

"आणि प्रत्यक्षात पुढे काय झाले?"

"उपचार झाले. बाबा आता ठणठणीत आहेत." त्या थबकल्या. "पण चित्र तिथपर्यंत जातच नाही, मॅडम."

हे वाक्य त्यांचे त्यांना सापडले, याचे मला आजही समाधान वाटते. मी सुचवले असते तर तो नुसता सल्ला ठरला असता. अल्बर्ट एलिस यांनी 1955च्या सुमारास विकसित केलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवर माझा भर असतो. घटनेपेक्षा घटनेविषयीचा समज भावना घडवतो, हे तिचे सूत्र. माझा अनुभव त्यात एवढीच भर घालतो, की हा समज दर वेळी वाक्याच्या रूपात नसतो. तो चित्रात दडलेला असेल, तर कितीही युक्तिवाद केला तरी तो चित्रापर्यंत पोहोचत नाही.

त्यामुळे आधी भावनेला नेमके नाव द्यावे. 'कसेतरी होते' असे न म्हणता 'भीती वाटते', 'अगतिक वाटते' असे म्हणावे. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांच्या 2007 मधील प्रयोगात, चेहऱ्यावरील भावनेसाठी शब्द निवडताना भावनिक प्रतिसादाशी निगडित अमिग्डाला या भागाची सक्रियता कमी झाली, तर कपाळामागील मेंदूच्या उजव्या भागात ती वाढली. त्यानंतर चित्र बारकाव्यांसह लिहून काढावे आणि ते जिथे थांबते तिथून, खरोखर जे घडले तिथपर्यंत, पुढे न्यावे. शब्द टाळत राहिल्याने मात्र भीती टिकून राहते.

बाईंना पाकीट आजही दिसते. मात्र आता त्या मेसेजला लगेच उत्तर देतात. चित्र अपघाताचे किंवा अत्याचाराचे असेल, ते झोपू देत नसेल, तर हा प्रयत्न एकट्याने न करता तज्ज्ञासमोर बसूनच करावा.