लहानपणी आजीकडे वाढलेल्या मुलाशी लग्न करावं का? पुढे नात्यांवर परिणाम होतो का?

तुम्ही लिहिलंय की होणारा नवरा दीड वर्षाचा असल्यापासून सात वर्षांचा होईपर्यंत आजीकडे होता आणि तुमची मावशी म्हणते, ज्याला आईची माया मिळाली नाही तो बायकोला काय देणार. मावशीचं हे वाक्य वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मावशींचं साफ चुकतंय. आजीकडे राहून मूल बिघडत नाही. जे काही व्हायचं ते त्याला आजीपासून उचलून आणताना होतं, आणि तेवढंच नेमकं कुणी विचारत नाही.

मी स्वतः आजोळी वाढले. वडील गिरणीत होते, १९८२ चा संप लांबला तशी आमच्या चाळीतली कितीतरी बिऱ्हाडं गावाला गेली, आम्हीही गेलो, मग आईवडील पोटापाण्यासाठी परत मुंबईला आले आणि मी चिपळूणजवळ आजीकडे राहिले. त्या वर्षांबद्दल माझी कुणाविषयी काही तक्रार नाही. आजीच्या लुगड्याचा पदर मुठीत असल्याशिवाय झोप यायची नाही, ती परसात गेली तरी मी मागे. पुढे शाळेचं वय झालं म्हणून मे महिन्यात वडील न्यायला आले. मला सांगितलं, राणीची बाग बघायची आणि परत यायचं. पोर रडेल म्हणून आजीला एसटी स्टँडवर येऊच दिलं नाही.

मुंबईत सुरुवातीला मी रोज संध्याकाळी चपला घालून गॅलरीत उभी राहायचे, कधी जायचं म्हणून विचारायचे, रडायचे, आईला मारायचेसुद्धा. मग विचारणं बंद केलं. ह्याच गोष्टीचं आमच्याकडे अजून कौतुक चालतं की पोर किती लवकर रुळली. दिवाळीत आजी आली, दारातूनच हाक मारली, तिच्या पिशवीत माझ्यासाठी खोबऱ्याच्या वड्या होत्या, आणि मी पाटीवरून मान वर केली नाही. काका म्हणाले, बघा, विसरली पण, आणि सगळे हसले. आजी पाय धुवायला मोरीत गेली ती बराच वेळ बाहेरच आली नाही. मी काहीही विसरले नव्हते. ती परत जाणार हे मला माहीत होतं, म्हणून जवळ गेले नाही.

काकांचं म्हणणं आजही तेच, लहान पोराला काय कळतं, दोन दिवसांत विसरतात. तर कळतं. जेम्स रॉबर्टसन नावाच्या माणसाने लंडनच्या हॉस्पिटलांत आईवडिलांपासून तोडलेली लहान मुलं बघितली, तेव्हा तिकडे आईबापांना भेटायला फार कमी वेळ द्यायचे. मूल आधी आकांत करतं, मग खचतं, मग गप्प होऊन अलिप्त होतं, आणि ह्या तिसऱ्या पायरीलाच नर्स म्हणायच्या की आता रुळलं. अडीच वर्षांच्या आसपासच्या एका मुलीच्या हॉस्पिटलातल्या आठ दिवसांवर त्यांनी १९५२ मध्ये फिल्म दाखवली, ती मुलगी फारशी रडतही नाही. पुढे मेरी एन्सवर्थ ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आई खोलीबाहेर जाऊन परत आल्यावर मूल काय करतं ते बघण्याची पद्धत बसवली. त्यात जी मुलं आईकडे बघतही नाहीत, ज्यांना आता रीलवाले अव्हॉयडंट, म्हणजे जवळीक टाळणारी, म्हणतात, त्यांच्या छातीचे ठोके इतरांनी नंतर मोजले तर तेही वाढलेलेच निघाले. वरून शांत, आतून धडधड.

आणि लहानपणी लागलेल्या लळ्याचा पुढे काय परिणाम होतो हे सांगणारी ही सगळी अटॅचमेंट थिअरी ज्याच्या नावावर आहे तो जॉन बोल्बी स्वतः आयाच्या हातचा वाढलेला. ती आया तो चारेक वर्षांचा असताना सोडून गेली, आणि आई जावी तसं ते लागलं असं त्याने पुढे सांगितलंय. जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ मध्ये त्याने जो रिपोर्ट लिहिला त्यात आई किंवा कायम तिच्या जागी असलेली व्यक्ती असं स्पष्ट म्हटलंय, आणि सलगपणावर जोर दिलाय. आईच पाहिजे असा हट्ट लोकांनी मागाहून धरला.

आता लग्नाचं. माझे मिस्टर टूरवर गेले की मी त्यांची आठवण काढत नाही, कपाटं आवरत बसते, आणि ते परत आले की पहिली संध्याकाळ धड बोलतही नाही. सुरुवातीला त्यांना वाटायचं हिला माझं काही पडलेलंच नाही. आता ते जायच्या आधी तारखा सांगतात, पोचल्यावर फोन करतात, यायला उशीर होणार असेल तर तेही आधी कळवतात, आणि त्या पहिल्या संध्याकाळी माझ्या मागे लागत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी ठीक असते. खोटं बोलून मला कुठे नेलेलं मात्र आजही चालत नाही, सरप्राइजसुद्धा नको.

हे सगळं आत्ता उगाळायचं कारण म्हणजे माझ्या चुलतभावाची मुलगी त्याच्या सासुरवाडीला वाढतेय, जूनमध्ये तिला शाळेसाठी पुण्याला आणायचंय आणि काका परत तेच सांगतायत, गुपचूप उचलून आणा, रुळेल. माझं म्हणणं, तिला खरं सांगा, आजीला सोबत आणून महिनाभर ठेवा, मग आजी निघेल तेव्हा पोरीच्या देखत निघू दे, रडली तर रडू दे, रोज व्हिडिओ कॉल करा आणि सुट्टीत परत न्या. खर्च होईल, होऊ दे.

हां, आजीकडे राहिलेलं प्रत्येक मूल माझ्यासारखंच होतं असं नाही. अमेरिकेत मिनेसोटाला १९७५ च्या सुमारापासून गरीब घरातली मुलं जन्मापासून मोठी होईपर्यंत अभ्यासली, त्यात लहानपणाचा पुढच्या नात्यांशी संबंध दिसतो, पण मधल्या काळातली मैत्री, चांगला जोडीदार ह्यानेही फरक पडतो. मी काही सायकॉलॉजिस्ट नाही, त्याचा राग किंवा मारझोड असं काही असेल तर तो वेगळा विषय, तिथे माझं ऐकू नका, सरळ काउन्सेलरकडे जा.

बाकी लग्न करा की नको हे मी कोण सांगणार. त्याला एवढं विचारा की तुला परत आणलं तेव्हा काय सांगून आणलं. आजी हयात असतील तर साखरपुड्याआधी दोघं जाऊन दोन दिवस राहून या, तो त्यांच्याशी कसा वागतो ते बघा. आईशी तुटक वागतो म्हणून मावशी घाबरवत असतील तर त्यावरून काहीच ठरवू नका.