रिलीज लेटर अडकलंय आणि प्री-सीझन संपत आलंय : माझा अनुभव

तुमची पोस्ट वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. तुमचा धाकटा भाऊ फुटबॉलमध्ये लेफ्ट-बॅक (डाव्या बाजूचा बचावपटू), आयएसएल (इंडियन सुपर लीग) क्लबाच्या प्री-सीझन कॅम्पला गेलाय, कोच खूश आहेत, क्लबाचं ऑफिस म्हणतंय "ड्युरँड झाल्यावर सहीचं बघू" (म्हणजे मोसमाआधीची ड्युरँड कप स्पर्धा), आणि आधीच्या संस्थेचा संघ रिलीज लेटर, म्हणजे खेळाडूला मोकळं केल्याचं पत्र, देत नाही. शिवाय या क्लबाने यंदा बरेच सीनियर सोडलेत, तर भावाला संधी जास्त की क्लबच गाळात चाललाय, असाही तुमचा प्रश्न आहे. मीही लेफ्ट-बॅकच होतो. आय-लीगच्या, म्हणजे देशातल्या जुन्या लीगच्या दिवसांत नेमका याच जागी अडकलो आणि माझा अख्खा मोसम त्यात गेला.

कॅम्पमध्ये कसं खेळायचं, काय खायचं, कोचशी कसं बोलायचं हे सांगत बसत नाही. इथवर पोचलेल्या मुलाला ते कळतं. आधीच सांगतो, मी वकील नाही, एजंट नाही. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, तेव्हा फुटबॉल फेडरेशनचं (एआयएफएफचं) चालू वर्षाचं परिपत्रक स्वतः वाचून खात्री करा.

सगळ्यात आधी कॅलेंडर बघा. आपल्याकडे उन्हाळी ट्रान्सफर विंडो, म्हणजे क्लब बदलून नोंदणी करायची मुदत, साधारण ऑगस्टअखेर बंद होते. ड्युरँड कपची फायनल 2024 साली 31 ऑगस्टला झाली, 2025 साली 23 ऑगस्टला. म्हणजे "ड्युरँड झाल्यावर" याचा अर्थ शेवटचा आठवडा किंवा शेवटचा दिवस. त्यात एक रविवार, एखादी सुट्टी, गणपती जवळ आलेले, अर्धं ऑफिस गावाला. क्लबाचा हेतू वाईट असेल असं मी म्हणत नाही. त्यांना दोन-तीन मॅचमध्ये मुलगा बघायचा असतो, तोवर जागा मोकळी ठेवायची असते. पण उशिराची किंमत क्लब मोजत नाही, खेळाडू मोजतो. त्यांना दुसरा लेफ्ट-बॅक लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबाकडून तात्पुरता उसना, मिळतो. तुमच्या भावाला दुसरा मोसम मिळत नाही.

माझं काय झालं ते सांगतो. आमच्या कॅम्पमध्ये ड्रेसिंग रूमच्या दाराशी पांढरा बोर्ड होता. त्यावर फॉर्मेशन आखलेलं आणि प्रत्येक जागेखाली नावं लिहिलेल्या चुंबकाच्या चकत्या. लेफ्ट-बॅकखाली माझी चकती दुसरी होती. सराव सामन्यांत मी पूर्ण वेळ खेळत होतो आणि कोच इतरांसमोर नाव घेऊन बोलायचे. पण माझ्या ट्रेनिंग टी-शर्टवर नंबर नव्हता. किटमॅन ज्यांचं रजिस्ट्रेशन पूर्ण झालंय त्यांच्याच टी-शर्टवर आकडा चिकटवायचा, बाकीच्यांना कोरा द्यायचा. बोर्ड कोचचा असतो, आकडा ऑफिसचा. भावाला आजच फोन करून विचारा, त्याच्या टी-शर्टवर नंबर आहे का. प्रत्येक क्लबात अशीच पद्धत असेल असं नाही, पण त्याची फाइल कुठवर गेलीय याचा अंदाज असल्या गोष्टींतून येतो.

मी आधी एका संस्थेच्या संघातून खेळायचो. नाव घेत नाही, तिथली काही माणसं अजून मैदानावर भेटतात. करार जूनमध्येच संपला होता. रिलीज लेटरसाठी त्यांच्या क्रीडा विभागात गेलो तर उत्तर ठरलेलं : पत्र टाईप झालंय, साहेबांची सही बाकी आहे. साहेब दौऱ्यावर, मग साहेब मीटिंगमध्ये, मग साहेबांची बदली आणि नवे साहेब अजून रुजू व्हायचे. शेवटी पत्र मिळालं तेव्हा विंडोचे अगदी थोडे दिवस उरले होते. आणि त्या पत्रावर माझं नाव शाळा सोडल्याच्या दाखल्यावर असतं तसं होतं : आधी आडनाव, मग माझं नाव, शेवटी वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, माझं आणि वडिलांचं नाव वेगळ्या. नव्या क्लबाचा अ‍ॅडमिन केरळचा. त्याने शेवटचा शब्द आडनाव धरला आणि फॉर्मशी जुळेना म्हणून पत्र परत पाठवलं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

मी पत्र घेऊन पुन्हा जुन्या ऑफिसात. टेबलामागच्या माणसाने ते वाचलं आणि म्हणाला, "दाखल्यावर आहे तसंच लिहिलंय. नवं पत्र हवं तर नव्याने अर्ज करा, आवक नंबर पडेल, मग साहेबांकडे जाईल." नावाचे दोन शब्द मागेपुढे करायचे होते. पेनाने दुरुस्त करून शेजारी शिक्का मारला असता तरी चाललं असतं, नवा क्लब तयार होता. त्या माणसाने शिक्का उचलला नाही. अर्ज आवकला गेला, विंडो बंद झाली, आणि दुसऱ्या आठवड्यात बोर्डावर माझ्या जागी दुसरी चकती आली. आज इतक्या वर्षांनीही त्या टेबलासमोरचा तो अर्धा तास आठवला की राग येतो. मैदानावर चुकलो असतो तर सहन केलं असतं.

आणि ही गोष्ट मला फार उशिरा कळली : विंडो बंद झाल्यावरही वाट होती. फिफाच्या खेळाडू नोंदणीच्या नियमांत अपवाद आहे, ज्या व्यावसायिक खेळाडूचा करार विंडो संपण्याआधीच संपलेला आहे त्याची नोंदणी विंडोनंतरही होऊ शकते. माझा करार जूनमध्ये संपला होता. पण तो संपला हे दाखवायला माझ्याकडे कागदच नव्हता, कारण कराराची एकच प्रत काढायची आणि ती फाइलला लावायची अशी त्या ऑफिसची पद्धत होती. खेळाडूला प्रत देतच नसत. आजही कितीतरी मुलांकडे स्वतःच्या कराराची प्रत नसते. हे थांबलं पाहिजे. या अपवादावर विसंबून मात्र राहू नका. लीगची स्क्वॉड यादी देण्याची स्वतःची मुदत असते आणि ती वेगळी चालते.

तुमच्या जागी मी असतो तर आजच जुन्या संस्थेला ईमेल टाकला असता. फोन नाही, व्हॉट्सअ‍ॅप नाही, ईमेल. त्यात कराराच्या सुरुवातीची आणि शेवटची तारीख लिहा, कराराची प्रत मागा, आणि पासपोर्टवर आहे तसंच नाव मोठ्या अक्षरांत देऊन "पत्रावर नाव असंच यावं" असं स्पष्ट लिहा. नव्या क्लबाच्या अ‍ॅडमिनला सीसी करा. आता सगळं फेडरेशनच्या ऑनलाइन रजिस्ट्रेशन सिस्टीममधून, म्हणजे सीआरएसमधून होतं, त्यामुळे भावाची प्रोफाइल कुठल्या क्लबाकडे दिसते आणि नाव-जन्मतारीख पासपोर्टशी जुळते का, हे अ‍ॅडमिनकडून स्क्रीनवर बघून घ्या. उत्तर आलं नाही तर ईमेलची प्रिंट जोडून राज्य संघटनेकडे आणि मग फेडरेशनच्या प्लेयर स्टेटस कमिटीकडे. जुना क्लब ट्रेनिंगचे पैसे मागत असेल तर तो व्यवहार क्लबाचा क्लबाशी असतो. भावाच्या खिशातून एक रुपया देऊ नका.

नवा क्लब "मेडिकल झालं तर करार पक्का" अशी अट घालत असेल तर सावध राहा. फिफाच्या कलम 18 नुसार कराराची वैधता मेडिकलवर अवलंबून ठेवता येत नाही, मेडिकल सहीच्या आधी करायचं असतं. आणि सही झाली की तिथल्या तिथे पानन् पान फोटो काढून घ्या.

आता संघाबद्दल. सीनियर गेले म्हणजे पोरांना संधी, हे गणित मला पटत नाही. मुंबई सिटीचं उदाहरण घ्या. 4 मे 2024 ला त्यांनी कोलकात्यात मोहन बागानला 3-1 हरवून आयएसएल कप जिंकला. त्या उन्हाळ्यात मिडफिल्डर अपुइया मोहन बागानला गेला, आणि राहुल भेके, नोगेरा, पेरेरा डियाझ तिघेही बेंगळुरूला. जागा रिकाम्या झाल्या त्या बऱ्याचशा बाहेरून भरल्या : कारेलिस, व्हॅन निफ, टोरल, गोव्याहून ब्रँडन फर्नांडिस. चांगले खेळाडू, पण एकमेकांची सवय नसलेले. संघ सहावा आला आणि प्ले-ऑफमध्ये त्याच बेंगळुरूकडून 5-0 हरला. मला ती हार अजून लागते. कणाच काढून टाकला तर प्री-सीझनच्या काही आठवड्यांत नवा बसत नाही.

उलट नॉर्थईस्ट युनायटेड बघा. 2022-23 मध्ये तळाला होते, मोसमभरात 5 गुण. मग कोच बेनाली आले, आणि एकदा बसवलेला सांगाडा त्यांनी टिकवला. ड्युरँड मनापासून खेळले, 2024 ला जिंकले, 2025 लाही जिंकले, आणि मधल्या मोसमात लीगच्या प्ले-ऑफपर्यंत गेले. त्या मोसमात लीगमध्ये स्ट्रायकर अजारेईने एकट्याने 23 गोल केले. म्हणून मी किती गेले हे मोजत नाही, मधल्या फळीत आणि बचावात गेल्या वर्षीचे किती टिकले ते मोजतो.

भावापुरतं बोलायचं तर त्याची जागा बरी आहे. मैदानावर एका वेळी चार परदेशी चालतात आणि बहुतेक क्लब ते स्ट्रायकर, मिडफिल्ड आणि सेंटर-बॅकला खर्च करतात. फुल-बॅक बहुधा भारतीयच असतो. तेव्हा परदेशी कोण आले हे सोडा, त्याच्या पुढे किती भारतीय लेफ्ट-बॅक आहेत आणि त्यातले किती जण गेल्या मोसमात नियमित खेळले ते बघा. पुढे दोन असतील तर थांबावं. तीन असतील आणि करार एकाच वर्षाचा असेल, तर मी खालच्या लीगमध्ये लोनची गोष्ट सहीच्या वेळीच काढली असती. बावीसाव्या वर्षी बेंचवर बसण्यापेक्षा खालच्या लीगमध्ये नव्वद मिनिटं खेळणं केव्हाही चांगलं, हे माझं ठाम मत आहे, बाकीच्यांचं वेगळं असू शकतं. आपल्याच पोरांना वाढवणारे क्लबही आहेत. ब्रायसन फर्नांडिस एफसी गोवाच्या तरुण संघांतून वर आला, 2024-25 ला आयएसएलचा इमर्जिंग प्लेयर ठरला आणि ऑक्टोबर 2025 मध्ये फातोर्ड्याला अल नस्रविरुद्ध गोल केला. तुमच्या क्लबाने गेल्या दोन-तीन वर्षांत रिझर्व्ह संघातून किती जणांना वर घेतलं हे शोधा, कोचच्या कौतुकापेक्षा ते जास्त सांगेल.

पैशांचंही विचारून घ्या, लाजू नका. 2025 ला लीगच अडकली तेव्हा बेंगळुरूसारख्या क्लबाने ऑगस्टमध्ये पहिल्या संघाचे पगार थांबवले होते, आणि मोसम सुरू व्हायला फेब्रुवारी 2026 उजाडला, तोही छोटा. छोट्या मोसमात कोच प्रयोग करत नाहीत, नव्या मुलाला मिनिटं मिळत नाहीत. फिफाच्या नियमांत दोन महिन्यांचा पगार थकला तर लेखी नोटीस देऊन, किमान 15 दिवसांची मुदत देऊन करार मोडता येतो. आपल्या देशांतर्गत करारात ते कसं लिहिलंय ते आधी वाचा.

आणि महाराष्ट्रातल्या मुलांनी तर कागद जपलेच पाहिजेत. महिंद्रा युनायटेड 2010 ला बंद. पुणे एफसी गेला, भारत एफसी एका मोसमात संपला, डीएसके शिवाजियन्स आणि मुंबई एफसी 2017 ला, एफसी पुणे सिटी 2019 ला. क्लब बंद झाला की ऑफिस बंद, फाइल कुठल्या कपाटात गेली कुणाला माहीत नसतं. कोल्हापूरच्या तालमींत, मुंबईच्या मैदानांवर इतकी पोरं तयार होतात आणि त्यांच्यामागे कागद सांभाळणारं कुणी नसतं. अनिकेत जाधवसारखा एखादा क्रीडा प्रबोधिनीतून 2017 च्या अंडर-17 वर्ल्ड कपपर्यंत जातो. बाकीच्यांची नावंही आपल्याला कळत नाहीत.

थोडं विषयांतर झालं. आता हे कळवा : यंदाची विंडो बंद व्हायची तारीख काय जाहीर झालीय, भावाचा जुना करार लेखी होता का आणि कधी संपला, आणि सीआरएसमध्ये त्याची प्रोफाइल कुणाकडे दिसते. इथे उघड लिहायचं नसेल तर मेसेज करा. जुन्या संस्थेला पाठवायच्या ईमेलचा मराठी आणि इंग्रजी मसुदा माझ्याकडे तयार आहे, नाव आणि तारखा बदलून आज रात्रीच पाठवता येईल.