तिसरीसाठी तालुक्याला खोली करावी का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ताईंचा प्रश्न असा: पाच एकर कोरडवाहू, खर्च जाऊन वर्षाला 1,60,000 हाती. मुलगी आठ वर्षांची, यंदा तिसरीत. गावच्या जिल्हा परिषद शाळेत चार वर्गांना एकच शिक्षक उरलाय. चार किलोमीटरवर दुसऱ्या गावात सातवीपर्यंतची जि.प. शाळा आहे, तालुक्याला नगर परिषदेची. मुलीला घेऊन तालुक्याला राहावं का?

ताई, तुमची काळजी रास्त आहे. शिक्षण हक्क कायद्यानं साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेतही दोन शिक्षक हवेत. मुलीला तिथून हलवाच, पण शेजारच्या गावात. तालुक्याला आत्ता नको.

दोन्ही शाळा फुकट आहेत, त्यामुळे पैसा जाणार तो खोलीत. भाडं-लाइट महिन्याला 3,400 धरलं तर वर्षाचे 40,800. चूल वेगळी झाली की गॅस, दूध, भाजीपाला 2,000 नं वाढतो, ते 24,000. निंदण-वेचणीला तुम्ही नसाल तर साठ दिवसांची मजुरी 300 नं 18,000. हा आकडा बहुतेक जण धरतच नाहीत. एकूण 82,800, म्हणजे मिळकतीच्या निम्म्याहून जास्त. त्यात कापसाचा चुकारा हिवाळ्यात येतो आणि भाडं जूनपासून, नेमकं बी-खताच्या वेळी. मग पीककर्जातून भाडं जातं, मुदत चुकते आणि तीन लाखांपर्यंतची बिनव्याजी सवलतही हातची जाते. शेजारच्या गावाला ऑटो महिन्याला 800 नं दहा महिन्यांचे 8,000.

दुसरं कारण पैशापेक्षा मोठं आहे. नवोदय विद्यालयाच्या (केंद्र सरकारची निवासी शाळा) सहावीत किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात. त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही पूर्ण वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत काढावी लागतात. या काळात शहरी शाळेत एक दिवस नाव असलं तरी मूल शहरी धरलं जातं. तुमची मुलगी नेमकी याच उंबरठ्यावर आहे.

नाव घालण्याआधी ती शाळा मात्र नीट बघा. मंगळवार-बुधवारी अकराच्या सुमारास न सांगता जा. झेंडावंदनाला सगळ्याच शाळा चांगल्या दिसतात. तिसरीच्या दोन-तीन मुलांच्या वह्या मागा. तारखा सलग आहेत का, चुकीच्या गणिताखाली बरोबर गणित करून घेतलंय की नुसतीच लाल टिक? मुख्याध्यापकांना विचारा: मंजूर पदं किती, भरलेली किती, पुढच्या वर्षी पहिलीला किती मुलं येणार? पट घसरला की शिक्षक समायोजनात, म्हणजे दुसऱ्या शाळेत, जातो आणि तुम्ही परत इथेच येता.

तिथंही एकच शिक्षक निघाला किंवा भरवशाचा ऑटो नसला, तर मोठ्या पटाची आणखी एखादी जि.प. शाळा शोधा, पण ग्रामपंचायत हद्दीतलीच. पाचवीपासून बारावीपर्यंत ग्रामीण मुलींना एसटीचा पास मोफत आहे, म्हणून सातवीनंतर तालुक्याला जायलाही खोली लागेलच असं नाही. गाडीची वेळ शाळेशी जुळते का, तेवढं आगारात विचारून ठेवा.

वाचलेल्यातले वर्षाला 24,000 पोस्टात सुकन्या समृद्धीत टाका. दहाव्या वाढदिवसाआधी खातं उघडायला हवं. दरमहा भरायची सक्ती नाही. चुकारा आला की एकरकमी भरा, पाच तारखेच्या आत, म्हणजे त्या महिन्याचं व्याज बुडत नाही. सध्याचा 8.2 टक्के दर टिकला तर दहा वर्षांत साडेतीन लाखांच्या आसपास होतात. शिक्षणासाठी अठराव्या वर्षी किंवा दहावी झाल्यावर निम्मेच काढता येतात, म्हणून उरलेले बँकेत मोकळे ठेवा. पाऊस दगा देतो त्या वर्षी तेच कामी येतील.