बाटलीत बुडबुडा नको

प्र. म्हात्रे पुलाजवळचं मुठेचं पाणी कॅनमध्ये भरून कॉलेजात आणलं आणि दोघींनी टायट्रेशन (थेंबाथेंबाने रसायन घालून केलेली मोजणी) केलं. माझा डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, मिलिग्रॅम प्रति लिटर) ५.८ आला, मैत्रिणीचा ३.१. चुकलं कोण? (विद्यार्थिनी, कोथरूड)

उ. ब्युरेटला (थेंब मोजून सोडणाऱ्या नळीला) दोष देऊ नका, कॅनला द्या. अर्धवट भरलेला कॅन स्कूटरवर डुचमळत आला की हवा मिसळते, आणि मैलापाण्यातले जिवाणू वाटेतच ऑक्सिजन फस्त करू लागतात. दोन्ही मिळून जो आकडा येतो तो नदीचा नसतोच.

रसायनशास्त्रज्ञ विंकलर यांनी १८८८ साली दिलेल्या, डीओ मोजण्याच्या या पद्धतीची खरी करामत अशी की ऑक्सिजन काठावरच बांधून टाकता येतो. काचेचं बूच असलेली ३०० मिलीची बाटली घ्या. नळी तळाशी टेकवून पाणी हळू सोडा आणि दोन-तीन बाटल्यांएवढं वाहून जाऊ द्या. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड, दोन्ही एकेक मिली, पिपेटचं टोक पाण्यात बुडवून. (अझाइड जहाल विष आहे, तोंडाने ओढू नका.) बूच लावल्यावर बुडबुडा दिसला तर सरळ नवी बाटली भरा. वर-खाली हलवलं की तपकिरी साका धरतो. तो खाली बसला की सल्फ्युरिक आम्ल घाला. साका विरघळून आयोडीन सुटतं. आता बाटली अंधारात ठेवून कॉलेजात आणा.

यातलं २०१ मिली घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेट करा. जेवढे मिली लागले, तेवढे मिलिग्रॅम प्रति लिटर. स्टार्च मात्र रंग फिकट गवती झाल्यावरच. घाई केली तर ते आयोडीनला धरून बसतं आणि शेवटचा थेंब कळत नाही.

प्र. संगमाजवळच्या नमुन्यात साका पांढराच राहिला. रसायनं शिळी झाली असतील का?

उ. तेच रसायन नळाच्या पाण्यात घालून पाहा. तिथे साका तपकिरी आला तर रसायनं ठणठणीत आहेत, नदीतच ऑक्सिजन नाही. मँगनीजला ऑक्सिजन मिळाला तरच ते तपकिरी होतं. असा पांढरा साका हा प्रयोग फसल्याचा पुरावा समजून पुष्कळजण तो नमुना वहीतून गाळतात. गाळू नका.

प्र. टायट्रेशनमध्ये स्टार्चमुळे आलेला निळा रंग गेला, मिनिटाभरात परत आला. पुन्हा थेंब टाकायचे का?

उ. नाही. पहिल्यांदा रंग गेला तेच वाचन. लगेच परतला तर नायट्राइटचा संशय घ्या आणि त्याला आवरणारं अझाइड ताजं आहे का पाहा.

प्र. पाण्यात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन विरघळतो त्या तक्त्यात २५ अंशांना ८.३ दिलंय. आम्ही खडकवासल्याला कितीही स्वच्छ पाणी घेतलं तरी साडेसातच्या आसपासच येतं.

उ. तक्ता समुद्रसपाटीचा आहे. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर; हवेचा दाब सहा-सात टक्के कमी, म्हणून इथे संपृक्त (मावेल तेवढा ऑक्सिजन विरघळलेल्या) पाण्यातही २५ अंशांना साधारण ७.७. तुमचा आकडा योग्यच आहे. उलट, शेवाळाने हिरव्या झालेल्या तळ्यात दुपारी तक्त्यापेक्षा जास्त आलं तरी दचकू नका, उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं. त्याच तळ्याचं पाणी पहाटे तपासा. रात्रभरात ऑक्सिजन घटलेला असतो, मासे मरतात ते त्या वेळी. वहीत तारखेसोबत वेळ आणि पाण्याचं तापमान लिहिलेलं नसेल, तर त्या वाचनाची तुलना कशाशीच करता येणार नाही.